परसदारचा राखणदार आणि शेजाऱ्याची झोप

खेड्यातील घर म्हटले की त्यास परसदार आलेच. आणि परसदार म्हटले की तेथे विहीर, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या चार केळी, कोंबड्यांचे खुराडे, लाकडांची रास आणि या सर्वांची राखण करणारा एखादा कुत्रा हाही आलाच. उरल्यासुरल्या भाकरीच्या मोबदल्यात हा प्राणी बारा महिने पहारा करतो. रात्री तो भुंकला की घरधनी कूस बदलून निर्धास्तपणे पुन्हा झोपी जातो. मात्र तेच भुंकणे गडग्यापलीकडच्या घरात शिरते तेव्हा तेथे निर्धास्तपणा नसतो. तेथे एखादी आजारी वृद्धा नुकतीच डोळा लागलेला असताना दचकून जागी होते, दहावीच्या परीक्षेस बसलेला मुलगा पुस्तक मिटतो, पहाटे बस गाठावयाची असलेला कामकरी मनातल्या मनात चरफडतो. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण परसातल्या कुत्र्यांच्या बाबतीत जितकी खरी ठरते तितकी क्वचितच दुसरीकडे ठरत असेल. आपला कुत्रा भुंकतो ती राखण, आणि शेजाऱ्याचा भुंकतो तो उपद्रव!

हा विषय क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. चर्चमध्ये एकाच बाकावर बसणारी, लग्नकार्यात आणि अंत्यविधीत एकमेकांच्या घरी राबणारी कुटुंबे कुत्र्याच्या भुंकण्यावरून बोलेनाशी होतात. प्रथम गडग्यावरून टोमणे येतात, मग दगड येतात; आणि एखाद्या सकाळी कुत्रा तोंडाला फेस येऊन खुंट्याजवळ मरून पडलेला आढळतो. विष कोणी घातले हे कोणी सांगत नाही, परंतु संशय मात्र पिढीभर टिकतो. एका मुक्या जीवाचा प्राण आणि दोन घरांचा सलोखा या दोहोंचा हा प्रश्न आहे. म्हणून आज आम्ही त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: कुत्र्याचे भुंकणे मुळीच बंद करता येत नाही, आणि तसे करूही नये, परंतु अतोनात भुंकणे हा कुत्र्याचा स्वभाव नव्हे. आपण त्यास जेथे बांधतो, जसे एकटे ठेवतो आणि नकळत जे शिकवतो, त्याचे ते बहुतेक वेळा फळ असते. जे आपण घडविले ते आपणांस बदलताही येते. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' ही म्हण शेपटापुरती खरी असेल. सवयीस ती लागू नाही.

भुंकणे हे बोलणेच होय

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो लांब सूर काढून रडतो, गुरगुरतो. पण पूर्ण वाढलेला लांडगा क्वचितच भुंकतो. भुंकण्याची ही मोठी सवय कुत्र्यास माणसाच्या सहवासात लागली. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यात होणाऱ्या बदलांविषयीचा आपला ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हुआन फर्नांडेस बेटाचा दाखला दिला आहे. हे बेट दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या किनाऱ्यापासून दूर महासागरात आहे. तेथे रानटी झालेले कुत्रे सुमारे ३३ वर्षांत भुंकणे विसरले, आणि त्यांतील काही कुत्रे पुढे माणसांत परत आणले गेले तेव्हा ते हळूहळू पुन्हा भुंकू लागले, असे त्यांनी नमूद केले आहे. यावरून एवढे दिसते की भुंकणे ही परिस्थितीने वाढणारी आणि परिस्थितीने ओसरणारी गोष्ट आहे.

प्रत्येक भुंकणे सारखेही नसते. हंगेरीतील बुडापेस्ट येथील संशोधक पेटर पोंग्राझ व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या प्रसंगी कुत्र्यांचे भुंकणे ध्वनिमुद्रित केले आणि ते लोकांना ऐकविले. परका मनुष्य दाराशी आला असता होणारे भुंकणे कोणते, एकटे बांधून ठेवले असता होणारे कोणते, खेळताना होणारे कोणते, हे सामान्य श्रोत्यांनाही बऱ्याच अंशी ओळखता आले. त्यांचा हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. खर्जातले, खरखरीत आणि एकामागून एक घाईने येणारे भुंकणे रागाचे किंवा इशाऱ्याचे असते. उंच स्वरातले, मध्ये मध्ये थांबणारे भुंकणे खेळाचे किंवा एकाकीपणाचे असते. आमच्या गृहिणींना हे पुस्तकाविना ठाऊक असते. चुलीपाशी बसून त्या सांगतात, 'हा माणसावर भुंकतोय,' 'हा उगीच रडतोय.' तेव्हा पहिला उपाय हाच की, कुत्र्यास गप्प करण्यापूर्वी तो काय म्हणतो हे ऐकावे.

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. मुलांची एखादी जुनी वही घ्यावी आणि सात दिवस तीत नोंद करावी: कुत्रा केव्हा भुंकला, किती वेळ भुंकला, त्या वेळी काय घडत होते आणि घरातल्या कोणी काय केले. हे काम मुलांकडे सोपवावे. ती ते आवडीने करतात. आठवड्याअंती बहुधा असे दिसून येते की कुत्रा दिवसभर भुंकत नसून ठराविक वेळीच भुंकतो. गोव्यात पहाटे पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की भुंकतो, दुपारी मासेवालीची हाक आली की भुंकतो. घरची मंडळी शेतावर किंवा रविवारच्या मिस्साला गेली की तासभर भुंकतो. नाहीतर रात्री वरच्या वाड्यातल्या कुत्र्याने सूर धरला की त्यास साथ देतो. 'सदा भुंकतो' या तक्रारीवर उपाय नाही; 'घर रिकामे झाले की भुंकतो' या तक्रारीवर आहे.

साखळीचा शाप

खेड्यापाड्यांतील अतिरिक्त भुंकण्याचे एक मोठे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ते कुत्र्याच्या गळ्यातच असते. तीन हात लांबीच्या साखळीने, दिवसभर एकाच खुंट्यास बांधलेला कुत्रा काय करणार? त्यास रस्ता दिसतो पण रस्त्यापर्यंत जाता येत नाही. मांजर समोरून जाते, कोंबडी पायाशी दाणे टिपते, मुले पलीकडे खेळतात, आणि त्याच्या वाट्यास फक्त पाहणे येते. पुढे जाण्याची ऊर्मी साखळीच्या हिसक्याने अडते ती कंठातून बाहेर पडते. शिवाय बांधलेल्या प्राण्यास पळून जाता येत नाही हे तो जाणतो; म्हणून परक्यास दूर ठेवण्याचे त्याच्याजवळ भुंकणे हे एकच साधन उरते. असा कुत्रा राखणदार म्हणूनही निकामी होतो. जो पानाच्या सळसळीवरही भुंकतो त्याचे भुंकणे चोर आला तरी कोण मनावर घेणार?

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतलेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा देशभर लागू आहे. त्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावरास अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध मानला आहे. इतकेच नव्हे, तर नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास त्याच्या धन्याने वाजवी प्रमाणात न फिरविणे हादेखील अपराध सांगितला आहे. पहिल्या अपराधास दंड १० ते ५० रुपये एवढाच आहे हे खरे. परंतु दंड लहान म्हणून कर्तव्य लहान होत नाही.

सह्याद्रीच्या कडेने राहणाऱ्या आमच्या वाचकांस, मग ते खानापूर तालुक्यातील असोत की सत्तरीतील, आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. अहमदनगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर) अकोले भागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यापैकी, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के भाग पाळीव व गावठी कुत्र्यांचा होता. रात्री परसात आखूड साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यास मांडून ठेवलेले ताटच होय. तो जिवाच्या आकांताने भुंकत असेल आणि आपण अंथरुणातून त्यास शिव्या देत असू, तर राखण कोण कोणाची करीत आहे?

जागा बदला, दिवस बदला

तेव्हा शिकवणुकीपूर्वी व्यवस्था पाहिली पाहिजे. कुत्र्याची जागा रस्त्याच्या आणि शेजाऱ्याच्या खिडकीच्या सरळ रेषेत नसावी. ती हलविता येत नसेल तर मध्ये झावळ्यांचा किंवा बांबूचा कूड उभा करावा. जे दिसत नाही त्यावर कुत्रा कमी भुंकतो. साखळीऐवजी परसाचा एक कोपरा जाळीने किंवा वईने बंदिस्त करता आला तर उत्तम. तेवढी ऐपत नसेल तर दोन खांबांमध्ये डोक्याच्या वर एक मजबूत तार ताणावी, तीत कडी ओवावी आणि त्या कडीस हलकी दोरी बांधावी. कुत्र्यास मग इकडून तिकडे फिरता येते. अशी तार झाडाझुडपांत किंवा गडग्याजवळ नसावी, नाहीतर दोरी अडकून किंवा पलीकडे उडी मारून गळफास बसण्याचे भय असते. ही सोयसुद्धा काही वेळेपुरती, दिवसभराची नव्हे. सावली आणि स्वच्छ पाणी बाराही महिने हवे. पावसाळ्यात खाली ओल येणार नाही अशी फळी किंवा पोत्यांचे अंथरूण हवे.

दुसरी गोष्ट फिरविण्याची. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास कुत्र्यास शेताच्या बांधावरून हिंडवून आणावे. त्यास घाईने ओढत नेऊ नये. हुंगत हुंगत जाऊ द्यावे. आपणांस वर्तमानपत्र जसे, तसे कुत्र्यास वाटेवरचे वास. ज्याने दोन वेळा गावची बातमी वाचली तो दुपारी स्वस्थ झोपतो.

तिसरी गोष्ट कामाची. भाकरी एका ताटलीत टाकण्याऐवजी तिचे तुकडे करून कधी परसातल्या गवतात, कधी पोत्याच्या घडीत लपवावेत आणि त्याने ते शोधून खावेत. पाच मिनिटांचे जेवण अर्ध्या तासाचा उद्योग होतो. घर रिकामे करून सर्वांनी बाहेर पडावयाचे असेल तेव्हा ही युक्ती विशेष उपयोगी पडते. एकटेपणाने कासावीस होणाऱ्या कुत्र्यास प्रथम दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा, असे हळूहळू एकटे राहावयास शिकवावे. जाताना लाड आणि येताना गाजावाजा दोन्ही टाळावे.

'पुरे' हा शब्द

आता शिकवणुकीकडे वळू. एक तत्त्व मनात पक्के ठसवावे: ज्या वागण्याने कुत्र्याचा लाभ होतो ते तो पुन्हा करतो. टपालवाला येतो, कुत्रा भुंकतो, टपालवाला पत्र देऊन निघून जातो. कुत्र्याच्या हिशेबी, 'मी भुंकलो म्हणून तो पळाला.' रोज विजय मिळत असता तो भुंकणे का सोडील? तसेच तो भुंकतो आणि आपण दार उघडून ओरडतो, 'गप रे!' त्या एकट्या जीवास वाटते की, आपण हाक मारली आणि घरातले माणूस धावून आले. वर तेही आपल्यासारखेच भुंकत आहे! काही वेळा आपण कंटाळून भाकरीचा तुकडा फेकतो. ही तर शिकवणीची फीच आपण त्यास देत असतो.

म्हणून क्रम उलटा करावा. कुत्रा शांत बसला असता त्याच्याजवळ जावे, पाठीवरून हात फिरवावा, खाऊ द्यावा. शांततेचे मोल त्यास कळू द्यावे. लक्ष वेधण्यासाठी भुंकत असेल तर त्याच्याकडे पाहूसुद्धा नये. क्षणभर थांबला की जावे. येथे वाचकांस सावध करणे आमचे कर्तव्य आहे: असे केल्यावर पहिले काही दिवस भुंकणे घटण्याऐवजी वाढते. जे नाणे आजवर चालत होते ते एकाएकी चालेनासे झाले म्हणजे तो ते अधिक जोराने आपटून पाहतो. या दिवसांत घरातल्या एकानेही कच खाल्ली, तर 'पुष्कळ वेळ भुंकले की मिळते' हा धडा तो घेतो, आणि मागले बरे होते असे म्हणण्याची पाळी येते. तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सर्वांचे एकमत आधी व्हावे.

'पुरे' हा शब्द शिकविण्याची रीत अशी: एखाद्याने मुद्दाम बाहेरून फाटक वाजवावे. कुत्रा दोन-तीन वेळा भुंकेल. त्यास तेवढे भुंकू द्यावे. तो त्याचा हक्कच आहे. मग त्याच्याजवळ जाऊन शांत आवाजात 'पुरे' म्हणावे आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा मासळीचा काटे काढलेला लहानसा तुकडा नाकाशी धरावा. हुंगताना कुत्र्यास भुंकता येत नाही. तो थांबला की शाबासकी द्यावी आणि तुकडा द्यावा. प्रथम दोन सेकंदांच्या शांततेस बक्षीस, मग पाच, मग दहा, मग अर्धे मिनिट. पाठ पाच मिनिटांहून मोठा नसावा. दिवसांतून दोन-तीन वेळा पुरे. शब्द सर्वांनी एकच वापरावा. एकाने 'पुरे', दुसऱ्याने 'बस', तिसऱ्याने 'चूप' म्हटले तर कुत्र्याने कोणाचे ऐकावे? खाऊ म्हणून कांदा, चॉकलेट किंवा मनुका-बेदाणे घातलेला नाताळचा केक देऊ नये. ते कुत्र्यास विषासमान ठरू शकतात. शिजविलेल्या कोंबडीची हाडेही देऊ नयेत. ती फुटून टोचतात.

जे रोज येणारे आहेत त्यांच्याशी कुत्र्याची ओळखच करून द्यावी. दूधवाला किंवा पोदेर दूर असतानाच, कुत्रा भुंकण्याच्या आत, त्यास खाऊ द्यावा. रोज थोडे थोडे अंतर कमी करावे. काही आठवड्यांनी सायकलीचा आवाज म्हणजे संकट नव्हे, तर काहीतरी चांगले मिळण्याची वेळ, असे त्याच्या मनात बसते. चर्चची घंटा ऐकून गळा काढणारे कुत्रेही गावोगावी असतात. ते सूर धरतात तेवढाच वेळ. त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही.

रात्रीचा प्रश्न

ऑस्ट्रेलियातील संशोधक अ‍ॅडम्स आणि जॉन्सन यांनी कुत्र्यांच्या रात्रीच्या झोपेचा अभ्यास करून तो १९९३ साली प्रसिद्ध केला. कुत्रा सरासरीने सुमारे १६ मिनिटे झोपतो आणि पाच मिनिटे जागा राहतो; असे झोप-जागेचे फेरे रात्रभर चालतात. कुत्र्याची श्रवणशक्तीही आपल्याहून तीव्र; माणसास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्यास सुमारे ४५,००० पर्यंतचा. म्हणून परसात उघड्यावर असलेला कुत्रा रात्री अनेकदा जागा होणार आणि आपणांस न ऐकू येणारे पुष्कळ काही त्यास ऐकू येणार, हे धरूनच चालावे.

यावर सर्वांत सोपा उपाय असा की रात्री त्यास परसातून आत घ्यावे. पडवीत, ओसरीवर किंवा गोठ्याच्या बंद भागात माणसांच्या जवळपास झोपलेला कुत्रा कमी भुंकतो. आणि जेव्हा भुंकतो तेव्हा उठून पाहण्यासारखे काही तरी असते. राखणीत काही उणे होत नाही, कारण कान त्याचे तेच असतात. बिबट्याचे भयही टळते. जेवण संध्याकाळी वेळेवर द्यावे, झोपण्यापूर्वी एकदा बाहेर फिरवून आणावे आणि परसातली खरकटी झाकून ठेवावी, म्हणजे रात्री उंदीर, मांजरे आणि परकी कुत्री तेथे जमणार नाहीत.

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास गावभर कुत्र्यांचा जो गोंधळ चालतो त्यावर शिकवणुकीचा इलाज चालत नाही. तेथे पशुवैद्याकडून नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेणे हाच मार्ग. तिने परसातले सगळे भुंकणे थांबेल असे नाही. परंतु माजावर आलेल्या कुत्रीमागे धावणे, भांडणे आणि त्यापायी होणारा रात्रीचा कल्लोळ कमी होतो, आणि नको असलेली पिले रस्त्यावर सोडण्याचे पापही टळते.

एकाएकी वाढलेल्या भुंकण्यामागे दुखणे असू शकते. कानातली घाण, गोचिडी, चिघळलेली जखम, म्हातारपणी येणारा बहिरेपणा किंवा बुद्धिभ्रम यांमुळेही कुत्रा रात्री उगाच भुंकतो. त्यास पशुवैद्याकडे न्यावे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये: कुत्र्याचा आवाजच बदलला, घोगरा झाला, लाळ गळू लागली, घास गिळवेना, तर ते पिसाळल्याचे लक्षण असू शकते. 'घशात हाड अडकले असेल' म्हणून तोंडात हात घालू नये. मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यास बोलवावे. चावा किंवा ओरखडा झाला असल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठावा. तीन महिन्यांच्या पिलास पहिली लस आणि पुढे दरवर्षी एक, हा नियम प्रत्येक घरी पाळला गेला पाहिजे.

नव्याने पिलू आणणाऱ्यांस आणखी एक सूचना. आठ आठवड्यांच्या आत पिलास आईपासून तोडू नये. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांचे संगोपन करून आपला ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला. जन्मानंतर तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या मनावर कायमचा ठसा उमटवितो असे त्यांनी दाखविले. या काळात ज्याने निरनिराळी माणसे, मुले, गुरे, सायकली प्रेमाच्या वातावरणात पाहिल्या, तो मोठेपणी प्रत्येक सावलीवर भुंकत नाही.

जे करू नये

मारहाणीने कुत्रा गप्प होत नाही. तो भितो, आणि भ्यालेला कुत्रा अधिक भुंकतो किंवा न भुंकता चावतो. तोंड दोरीने बांधून ठेवणे हा तर घातक प्रकार होय. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच अंग थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य उपाय. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तोंड बांधलेला कुत्रा मरू शकतो. विजेचे झटके देणारे पट्टे हल्ली बाजारात मिळतात. त्यांच्या मोहात पडू नये. वेल्समध्ये अशा पट्ट्यांवर २०१० साली कायद्याने बंदी आली. एकटेपणाने रडणाऱ्या जीवास झटका दिल्याने त्याचे एकटेपण कसे जाणार?

विषाविषयी तर बोलावयासच नको. परंतु ते घातले जाते, म्हणून बोलावे लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमानुसार कोणत्याही जनावरास अशा रीतीने मारणे, विष देणे किंवा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय परसात टाकलेला विषारी घास कोंबडी खाईल, शेजारचे वासरू खाईल की रांगते मूल उचलील, हे टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही.

शेजाऱ्याशी बोलणे

राहता राहिली ती गडग्यापलीकडची बाजू. येथे पहिले पाऊल कुत्र्याच्या धन्याने टाकावे. शेजारी तक्रार घेऊन येईपर्यंत वाट पाहू नये. संध्याकाळी निवांत वेळी त्यांच्या अंगणात जावे आणि साध्या शब्दांत म्हणावे, 'मावशी, आमच्या कुत्र्यानं तुमची झोप मोडते, हे आम्हांला कळतंय. त्याची जागा आम्ही बदलतोय, रात्री आत घेणार आहोत. पहिले पंधरा दिवस थोडा त्रास होईल, तेवढा सांभाळून घ्या. आणि आम्ही घरी नसताना तो किती भुंकतो ते आम्हांला सांगत जा.' या चार वाक्यांत कूड उभारण्याइतकेच सामर्थ्य आहे. ज्यास विश्वासात घेतले तो माणूस भुंकण्याचे प्रहर मोजतो, पण दगड उचलीत नाही. शेजाऱ्याच्या हातून कुत्र्यास दोन दिवस खाऊ देवविला तर त्याच्यावरचे भुंकणेही कमी होते.

ज्यास त्रास होतो त्यानेही प्रथम तोंडाने सांगावे, आणि नेमके सांगावे. 'तुमचा कुत्रा ताप झालाय' असे रस्त्यावर ओरडण्यापेक्षा 'बाबू, तुम्ही शेतावर गेलात की दहा ते बारा तो सारखा रडतो' असे सांगितल्याने धन्यास कारण कळते. ध्वनिप्रदूषणाविषयी २००० साली केलेल्या नियमांनी राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. जवळून ऐकलेले कुत्र्याचे भुंकणे ८० डेसिबलच्याही वर जाते. हे नियम मुख्यतः ध्वनिक्षेपक, वाद्ये, फटाके यांसाठी केलेले. परंतु रात्रीची शांतता ही शेजाऱ्याच्या हक्काची वस्तू आहे, एवढे त्यावरून कळावे. बोलून भागले नाही तर गावातील दोन वडीलधाऱ्यांना मध्ये घ्यावे, मग पंचायतीकडे जावे. पोलिसांत जाण्याची वेळ सहसा येऊच नये.

वाचकहो, वर सांगितलेल्यापैकी एकाही गोष्टीस मोठा पैसा लागत नाही. एक जुनी वही, थोड्या झावळ्या, हातभर अधिक दोरी, रोजचा एक तास आणि शेजारच्या अंगणापर्यंतची चार पावले, एवढेच भांडवल पुरते. महिना-दीड महिना हे सातत्याने केले तर बहुतेक घरी फरक दिसू लागतो. काही कुत्र्यांना अधिक काळ लागेल, आणि परका आला असता भुंकणे कोणीच सोडणार नाही. ते सोडूही नये. त्यासाठीच तर आपण त्यास पाळले आहे. मात्र जो मुका जीव आपल्या दारी राखण करतो त्याच्या गळ्यातली साखळी किती हात लांब आहे, हे आज संध्याकाळी प्रत्येकाने परसात जाऊन एकदा मोजून पाहावे.